समुद्राच्या बांधावर



खत किती घालावे, फवारणी कधी करावी, बियाणे कोणते निवडावे, हे मी दर आठवड्याला या सदरातून तुम्हाला सांगत असतो. या खेपेस मी दुसऱ्याकडून काय ऐकून घेतले ते सांगणार आहे. ऐकवणारा पोरगा माझ्या मुलापेक्षा लहान होता आणि चूक सर्वस्वी माझी होती.

त्याचे असे झाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शनिवार-रविवारला जोडून एक रजा मिळाली. सौभाग्यवती लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या, घरात मी एकटा. माझ्याकडे एक जुनी मारुती व्हॅन आहे. तिची मागची बाके काढून मी तेथे एक फळी बसवली आहे. फळीवर गादी, खाली स्टोव्ह, पाण्याचा कॅन, डाळ-तांदळाचे डबे आणि एक दुर्बीण. एकट्या माणसाचे बिऱ्हाड यात सुखाने मावते. पाखरे-जनावरे पाहण्याचा नाद मला कॉलेजपासूनचा, पण नोकरीत तो मागे पडला. या वेळी ठरवले, गुहागरला जायचे आणि एक सबंध दिवस फक्त पाहायचे.

कराडहून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तेथून गुहागर. पोहोचायला रात्रीचे दहा वाजले. गुहागर हे लांबट गाव आहे. एका अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला सुरूचे बन आणि त्यापलीकडे कित्येक किलोमीटर लांबीचा सरळ वाळूचा किनारा. मला वाटले, गाडी अगदी समुद्रासमोर लावावी, म्हणजे पहाटे दार उघडले की पाणीच दिसेल. बनातून एक वाट खाली उतरत होती. तिने गाडी घातली आणि वाळूत चार वाव जाते न जाते तोच मागची चाके रुतली. जोर दिला तशी आणखी खोल गेली. दिवे समुद्राकडे तोंड करून लखलखत होते.

तेवढ्यात अंधारातून एक पोरगा धावत आला. हातात लाल उजेडाची बॅटरी.

"काका, आधी दिवे बंद करा."

मी खात्यातला माणूस. लोकांना सांगायची सवय, ऐकायची नाही. म्हणालो, "अरे बाबा, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. गाडी निघू दे."

"तिलाही परत फिरायला दोनच मिनिटे लागतात, काका."

"कोणाला?"

"कासविणीला."

मी दिवे बंद केले. त्याने आणखी दोघांना हाक मारली, चाकांखाली पोती घातली आणि तिघांनी मिळून गाडी वर ढकलली. रागाचा शब्द नाही. जाताना एवढेच म्हणाला, "पहाटे साडेपाचला या, दाखवतो."

वाळूतली चाकोरी

साडेपाचला स्टोव्हवर चहा करून गेलो. पोरगा रात्रभर किनारा चालून आला होता. हा त्याचा रोजचा फेरा. किनाऱ्यावरच्या गावांतून अशी माणसे आहेत, त्यांना कासवमित्र म्हणतात. तो फावड्याने माझ्या चाकांच्या चाकोऱ्या बुजवीत होता. म्हणाला, "एखादे घरटे आमच्या नजरेतून सुटलेले असते. त्यातली पिल्ले आपली आपण निघतात. चाकोरीत पडली की त्यांना चढता येत नाही. ती चाकोरीतूनच चालत राहतात आणि उन्हे आली की संपतात."

मी वाकून चाकोरी पाहिली. वीतभर खोल. माझ्या गाडीचे चाक ज्याला साधा खड्डा समजते, ती बोटभर पिलाला विहीर होते.

पुढे चाळीस-पन्नास पावलांवर वाळूत दुसरी एक चाकोरी होती. मला वाटले, येथे ट्रॅक्टर कोणी आणला? अगदी तसाच नक्षीचा पट्टा, पाण्यातून वर आलेला. पोरगा म्हणाला, "हीच ती." मादी कासव वल्ह्यासारखे पाय मारीत वाळूवर चढते, तेव्हा असा माग उमटतो. हा माग वर आला होता, गोल वळला होता आणि तसाच पाण्यात परत गेला होता. कोठे खड्डा नाही, अंडी नाहीत. मादी आली आणि न घालताच फिरली.

मी विचारले, "माझ्या दिव्यामुळे?"

तो म्हणाला, "तसे नक्की सांगता येत नाही, काका. कुत्र्यामुळेही फिरते. पण उजेडाला ती फार भिते."

बोलणे नरम होते, पण मला ते झोंबले. तुमच्यापैकी कित्येकांनी माझे बोलणे असेच निमूट ऐकून घेतले असेल, हे तेव्हा ध्यानात आले.

अंड्यांची रोपवाटिका

या कासवाचे नाव ऑलिव्ह रिडले. पाठ सुमारे दोन फुटांची, वजन चाळीस किलोच्या आसपास. आपल्या कोकण किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या रात्री वर येतात, दीड फुटाचा मडक्यासारखा खड्डा करतात, शंभर ते दीडशे अंडी घालतात, वाळू लोटून दाबतात आणि निघून जातात. पुन्हा ढुंकून पाहत नाहीत. राखण करायला आईही नाही आणि बापही नाही.

मग कुत्री, कोल्हे, घोरपडी ती उकरतात. माणसेही उकरीत. कासवाची अंडी खाण्याची आणि विकण्याची चाल किनाऱ्यावर जुनी होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जातीला सर्वांत वरच्या अनुसूचीत घातले, पण कायदा काही रात्री वाळूत येऊन उभा राहत नाही. 2002 साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गावकऱ्यांना हाताशी धरून राखणीचे काम सुरू केले. पुढे वन खाते आणि गावोगावची माणसे त्यात उतरली. आज रत्नागिरी जिल्ह्यात ज्या किनाऱ्यांवर जास्त घरटी सापडतात, त्यांत गुहागर आहे.

सुरूच्या बनाजवळ जाळी मारलेले एक कुंपण आहे. ते पाहून मला थेट आपली रोपवाटिका आठवली. सापडलेली अंडी तेथे आणून तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. प्रत्येक खड्ड्याला पाटी, पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. अंडी हलवायची ती घातल्यापासून थोड्याच तासांत आणि न उलटवता. उशीर झाला आणि अंडे फिरले तर आतला जीव दगावतो. रोप उपटल्यावर लावणीला उशीर झाला की काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आणखी एक नवल ऐका. नर होणार की मादी, हे अंड्यात आधी ठरलेले नसते. ते वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण 29-30 अंशांच्या खाली नर अधिक, वर माद्या अधिक. आणि फारच तापली तर पिल्ले आतच मरतात. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस, याला पंचेचाळीस ते साठ. उन्हाळा वाढला की पिकाचे काय होते ते आपण पाहतो, वाळूखाली काय होते ते कोण पाहणार?

त्या पहाटे एका खड्ड्यावरची टोपली उचलली तर खाली वाळू खदखदत होती. तेवीस पिल्ले निघाली, काळी, आगपेटीहून थोडी मोठी. पोराने त्यांना पाण्यात सोडले नाही. पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवले. ती चालली पाहिजेत, म्हणजे त्यांना किनाऱ्याची ओळख राहते, असे जाणकार मानतात. पिल्ले उजेडाकडे चालतात. रात्री समुद्र जमिनीहून उजळ दिसतो, म्हणून निसर्गाने त्यांना ती खूण दिली आहे. आपण किनाऱ्यावर दिवे लावले की ती उलटी, गावाकडे चालू लागतात. आता कळले ना, पोरगा आधी दिव्यांवर का धावला?

2025 सालच्या जानेवारीत याच गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला धातूचा बिल्ला सापडला. क्रमांक 03233. तो तिला 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. म्हणजे बंगालच्या उपसागरातून निघून ती अरबी समुद्रात आली. साडेतीन हजार किलोमीटरांच्या आसपास प्रवास झाला असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ज्यांच्या शेतात पाहुणा इतक्या लांबून येतो, त्यांनी दार लावून घ्यायचे की उघडायचे?

वाडीत आणि बंदरावर

उन्हे चढल्यावर एका वाडीत गेलो. मालकांनी कोकम सरबत दिले. पोफळीवर मिरीचे वेल, मध्ये जायफळ, खाली केळी. एका गुंठ्यात तीन मजल्यांची शेती! आमच्या देशावरच्या मंडळींनी एकदा पाहून यावी. तेवढ्यात डोक्यावरून आगगाडीच्या इंजिनासारखा पंखांचा आवाज करीत एक मोठा काळा-पांढरा पक्षी गेला. चोचीवर शिंगासारखे टोपण. तो कवड्या धनेश. याची मादी विणीला झाडाच्या ढोलीत बसून दार लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. नर आठवडेच्या आठवडे तिला आणि पिलांना बाहेरून फळे भरवतो. तो मेला तर आतले सगळे उपाशी. मालक म्हणाले, "आमच्या वाडीतला जुना वृक्ष वाळलाय, पण तोडला नाही. त्यात यांची ढोली आहे." लाकडाला गिऱ्हाईक आले होते, हेही त्यांनी सांगितले. सहज सांगितले, उपकाराची भाषा नाही.

बंदराकडे एका उंच झाडावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दिसला. काटक्यांचे हे एवढे मोठे घरटे. तेच घरटे दरवर्षी डागडुजी करून वापरतो. झाड गेले की त्याचे घर गेले. मासे आणि समुद्रातले साप हे त्याचे खाणे.

तेथे जाळी सांधीत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराशी बोललो. कासव जाळ्यात अडकले तर काय करता? म्हणाले, "कापतो जाळे. पूर्वी जिवावर यायचे." डिसेंबर 2018 पासून महाराष्ट्रात अशी योजना आली की, कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित जीव सोडवताना जाळे कापावे लागले, तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. छायाचित्रे द्यावी लागतात. म्हातारबाबा पुढे म्हणाले, "जाळ्याचे पैसे मिळतात हो, पण त्या दिवसाची मासळी गेली ती गेली." रानडुकरांनी पीक लोळवल्यावर पंचनाम्याची वाट पाहणाऱ्या माझ्या वाचकांना हे बोलणे वेगळे समजावून सांगायला नको. जनावर जगवायचे तर त्याचा खर्च एकट्या गरिबाच्या खांद्यावर पडता कामा नये. तो सगळ्यांनी वाटून घ्यावा. हे मत मी शेतावर मांडत आलो आहे, बंदरावर ते आणखी पक्के झाले.

खाडीवर

दुपारी धोपाव्याला गेलो. तेथे वाशिष्ठी नदीची खाडी समुद्राला मिळते. फेरीबोट गाड्यांसकट माणसांना पलीकडे दाभोळला नेते. ओहोटीची वेळ होती. खारफुटीच्या मुळांभोवती चिखल उघडा पडला होता आणि त्यावर निवट्या टुणटुण उड्या मारीत होत्या. निवटी म्हणजे चिखलावर चालणारा मासा, डोळे बेडकासारखे वर. ओल टिकली की पाण्याबाहेरही श्वास घेतो. खारफुटी ही कोणाला पडीक जागा वाटेल. पण कोळंबी आणि कितीतरी मासे पोरवयात याच मुळांत वाढतात, आणि लाटांचा मारा हीच झाडे अंगावर घेतात. आपल्याकडे बांधावरच्या झाडांना लोक असेच निकामी म्हणतात.

बोट मध्यावर आली तेव्हा खलाशाने बोट दाखवले. करड्या रंगाच्या दोन पाठी पाण्यातून वर आल्या आणि गेल्या. डॉल्फिन! पाठीवर कुबड असलेली ही जात किनाऱ्याजवळ आणि खाड्यांच्या तोंडाशी राहते. ती पिलाला दूध पाजते, आणि श्वासाला तिला वर यावेच लागते. एक पाठ मोठी होती, एक लहान. पाच मिनिटांत खेळ आटोपला, पण बोटीवरची सगळी माणसे, भांडणारी सुद्धा, गप्प होऊन पाहत होती.

संध्याकाळी पुन्हा किनाऱ्यावर. शाळेची पोरे आली होती. दोरी बांधून त्यांना मागे उभे केले होते. एकेचाळीस पिल्ले सोडली. प्रत्येकाचा माग वाळूवर शिवणयंत्राच्या टाक्यांसारखा उमटत गेला. पहिली लाट आली, तिने अर्धी परत वाळूत फेकली. ती पुन्हा चालली. यांतली मोठी होऊन परत येणारी फार थोडी. हजारांत एखादे, असे म्हणतात. एका मुलीने विचारले, "मग एवढ्यांना कशाला जपायचे?" पोरगा म्हणाला, "त्यातले कोणते येणार ते माहीत नाही ना, म्हणून."

आता आपल्या रानात

रविवारी मी घरी आलो. चार दिवसांनी त्या पोराचा फोन. माझा माग ज्या जागी होता, त्याच्या अलीकडे एक घरटे मिळाले, एकशे बारा अंडी. मी विचारले, "तीच असेल का रे?" तो हसला. "तीच असे धरून चाला, काका. पण गाडी पुन्हा खाली आणू नका."

त्याच आठवड्यात एका गावी नांगरट पाहायला उभा होतो. ट्रॅक्टर तास घालीत होता आणि टिटवी कर्कश ओरडत आमच्या डोक्यावर घिरट्या घालीत होती. तीस वर्षे मी बांधावर उभा राहून ही ओरड ऐकली आहे आणि पुढे बोलत राहिलो आहे. त्या दिवशी मात्र हात वर केला. ट्रॅक्टर थांबला. ढेकळांत शोधले तर खड्यांच्या मधोमध चार अंडी, मातीच्या रंगाची, वर ठिपके. पुढचे चाक तेथून चार हातांवर आले होते.

टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या रानात उन्हाळ्यात चार अंडी घालते. सुमारे चार आठवडे नर-मादी आळीपाळीने बसतात. ऊन फार झाले तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंडी गार ठेवतात. पिल्ले निघाली की त्याच दिवशी चालू लागतात. ती कुटुंबे भुंगेरे, वाळवी, किडे खाऊन आपलेच काम करतात. तिची अंडी उंचावर की सखल जागी, यावरून पावसाचा अंदाज बांधणारे जुने लोक अजून आहेत. अंदाज खरा ठरो न ठरो, निदान ते अंडी पाहत तरी होते. आज ट्रॅक्टरच्या आवाजात ती ओरडही ऐकू येत नाही.

ड्रायव्हरने चार काठ्या रोवल्या, दोन हातांचे वर्तुळ सोडून नांगर फिरवला. उतरून म्हणाला, "साहेब, आजवर किती गेली असतील हो माझ्या चाकाखाली?" मला त्याला उत्तर देता आले नाही. ट्रॅक्टर त्याचा होता, पण सांगायचे काम माझे होते, आणि ते मी केले नव्हते.

म्हणून आज एवढेच सांगतो:

1. नांगरट, कुळवणी करताना टिटवी एकाच जागी घिरट्या घालून ओरडू लागली, तर क्षणभर थांबा. अंडी जवळच असतात.

2. अंड्यांना हात लावू नका, हलवू नका. चार काठ्या रोवा, दोन हातांची जागा सोडा. पेरणीच्या वेळी ती जागा भरून काढता येते. तुमचे नुकसान मूठभर दाण्यांचे.

3. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा. घाई त्याला असते, रान तुमचे असते.

4. हिवाळा-उन्हाळ्यात कोकणात समुद्रावर गेलात, तर गाडी वाळूत घालू नका, रात्री पाण्याकडे दिवे टाकू नका, प्लॅस्टिकच्या पिशव्या तेथे सोडू नका. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला खाण्याची वस्तू वाटते. आणि पिल्ले पाहताना कासवमित्र सांगेल तेथेच उभे राहा.

कोणाच्या रानात या उन्हाळ्यात टिटवीची अंडी वाचली, तर मला पोस्टकार्ड टाका. किती अंडी होती आणि किती पिल्ले चालती झाली, तेवढेच लिहा. गुहागरच्या त्या पोराने खड्ड्यावर लावली तशी एक पाटी मीही माझ्या कचेरीत लावली आहे. तिच्यावर सध्या चारच अंडी लिहिलेली आहेत.

पुढील आठवड्यात खरिपाच्या बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासावी, ते पाहू. रामराम.